मोरीच्या पाण्याची वाटणी

गंगाफळ अजून धाब्यावरच होतं.

पौषात त्याच्यावरून भांडण पेटलं, माघ निम्मा सरत आला, तरी ते जिथल्या तिथं, धाकट्या पंडित नानांच्या खोल्यांवरच्या मातीच्या छतावर ऊन खात बसलं होतं. वेल मात्र खालून चढला होता, तो थोरल्या अभिमन आबांच्या खोल्यांमागून. आबांचा पितांबर पुण्याच्या शेतकी कॉलेजात दोन वर्षं काढून, परीक्षा सोडून बाकी सगळं शिकून परतला होता. त्यानं परसात इंदोरी पद्धतीचा खताचा खड्डा केला. पालापाचोळा, शेण, राख, माती असे थर अगदी मोजूनमापून. त्या खड्ड्यातून वर्षभरात जे निघालं ते हे एवढं एक गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. आणि तोही कुणी लावला नव्हता, खरकट्यातली बी आपोआप रुजली होती.

मुळं आमच्याकडे, तेव्हा फळ आमचं, असं थोरली पुष्पाबाई म्हणाली. छत आमचं, ओझं आमच्या डोक्यावर, तेव्हा फळ आमचं, असं धाकटी इंदिराबाई म्हणाली. दोघींच्या नवऱ्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं आणि पंधरा दिवसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. चिरून शिजवलं असतं तर एका जेवणात संपलं असतं. त्याऐवजी भडगावातलं पन्नास वर्षांचं एकत्र घर, गिरणाकाठची जमीन, चार बैल, विहीर आणि घरामागचं परस, सगळ्याचे दोन भाग करायचे ठरले, आणि पारोळ्याहून तोताराम मामांना बोलावणं गेलं.

मामा म्हणजे या भावांच्या आईचे भाऊ. वय पंचाहत्तर, दात चार, आणि भाच्यांना आपण वाटणीशिवाय कधी आठवत नाही याची पक्की जाणीव. लढाईचं चौथं वर्ष होतं. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मामा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं, वाटेत दोनदा उतरून तिला ढकलत, शनिवारी संध्याकाळी पोहोचले. रविवारी सकाळी ओसरीवर घोंगडी पसरली आणि त्यांनी दोघा भाच्यांना आधी बेलभंडारा उचलायला लावला.

"आज मना समोर जे कागदवर चढी ते कोनी फिरावानं नही. कबूल?"

"कबूल," आबा नानांकडे बघत म्हणाले.

"कबूल," नाना आबांकडे बघत म्हणाले.

शपथ दोघांनाही हवीच होती. आपण फिरणार नाही आणि दुसरा नक्की फिरेल, अशी प्रत्येकाची खात्री होती.

कागद लिहायला बाहेरचा जाणता माणूस बोलवावा असं नानांचं म्हणणं पडलं. तेव्हा दारात शेंगा सोलत बसलेली अक्का बोलली. अक्का म्हणजे मंजुळाबाई, दोघांची थोरली बहीण. बारा वर्षांची असताना प्लेगानं नवरा नेला, तेव्हापासून ती याच घरात होती.

"बाहेरना मानूस कशाले? पितांबरनं अक्षर चांगलं शे."

कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पितांबर आबांचा मुलगा खरा, पण तो बापाच्या बाजूचा आहे असं त्या घरात कुणीच म्हणत नव्हतं, बापसुद्धा. साक्षीला शेजारचे नूर महंमद बागवान आले. त्यांच्या घराची भिंत परसाच्या टोकाला लागून होती, तेव्हा तो माणूस बाहेरचाही नव्हता आणि घरातलाही नव्हता.

* * *

विहिरीवर दोन तास गेले. शेवटी विहीर सामाईक आणि रहाट दोन असं ठरलं; म्हणजे पाणी एकच, पण ते ओढण्याचा कुरकुराट वेगवेगळा. घराचा उत्तरेकडचा अर्धा भाग आबांना, दक्षिणेकडचा नानांना. मग सगळे परसात आले.

मोजायला दोरी लागली, तीही पितांबरचीच. सरकारनं 'अधिक धान्य पिकवा' अशी हाकाटी चालवली होती आणि नमुनेदार परसबागा बघायला कुणी साहेब तालुक्यात येणार अशी आवई होती. साहेबाला आपली बाग दाखवायची म्हणून पितांबरनं पाचोऱ्याहून सुतळीचा गुंडा आणला होता. त्याला सरळ रेघेत वाफे आखायचे होते आणि अक्काच्या बागेत एक रेघ सरळ नव्हती.

"फुई," तो आत्याला म्हणाला होता, "वाफे उत्तर-दक्षिण पाहिजेत. पुस्तकात दिलं आहे."

"पुस्तकले सांग, पानी कोठे उतरस ते एकदाव पाही ये."

सुतळी तशीच पडून राहिली होती. आज ती घराच्या मागच्या भिंतीच्या मधोमध खुंटीला बांधली, दुसरं टोक परसाच्या पार मागच्या कुंपणाला, आणि ताणली. पितांबरच्या बागेला जे जमलं नव्हतं ते वाटणीला जमलं. परसात पहिल्यांदा एक सरळ रेघ उठली.

"मी आठे कापूस ठेवाले कोठार बांधसु," आबा सुतळीच्या या बाजूला उभे राहून म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण नानांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं होतं.

"मी गोठा बांधसु," नाना त्या बाजूनं मामांना म्हणाले. "आनि मधमा पुरुषभर भिंत. रोज उठीसन तोंडं पाहानी नकोत."

मामांनी परसभर नजर फिरवली. वाल कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या मांडवावर चढला होता. पपई आणि लिंबाच्या बुंध्यांशी मडकी गळ्यापर्यंत पुरलेली होती. त्यांच्या बुडाच्या भोकात चिंधीची वात, आणि त्या वातेनं झाड उन्हाळाभर हळूहळू पाणी प्यायचं. धाब्याच्या काठाला रॉकेलचे रिकामे डबे रांगेनं, त्यांत मिरच्या. रॉकेल संपलं, डबे राहिले, त्यांचं अक्कानं हे केलं. भिंतीवर शेणाच्या गोळ्यांत दोडक्या-गिलक्यांच्या बिया थापून ठेवल्या होत्या. आणि या सगळ्यातून एक पाट गेला होता. दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या न्हाणीतून तो निघायचा, वांग्यांच्या वाफ्यांतून वळत उत्तरेला भांड्यांच्या मोरीचं पाणी घ्यायचा, तिथून लिंबाला वळसा घालून पुन्हा दक्षिणेला, आणि पुन्हा उत्तरेला केळींपाशी, नूर महंमदच्या भिंतीखाली जाऊन जिरायचा. विहिरीचं पाणी या बागेला कधी मिळालंच नव्हतं. ते शेताचं, बैलांचं आणि माणसांचं. घरानं वापरून फेकलेलं पाणी अक्काला मिळालं, आणि सेहेचाळीस वर्षं तिनं त्यावर घराची भाजी पिकवली.

"बाग शे आठे," मामा म्हणाले.

"भाजीपालाच ते शे," आबा म्हणाले. "बाजारमा मिळस."

हे बोलताना वालाच्या मांडवाखालून जायला आबा चांगले वाकले होते.

* * *

मामांच्या जेवणाला भरीत करायचं होतं. परसाच्या कडेला पऱ्हाट्यांचा जाळ केला होता आणि दोघी जावा एकाच जाळावर वांगी भाजत होत्या, कारण वाटणी अजून जाळापर्यंत पोहोचली नव्हती. महिनाभर त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं झालंच तर वांग्यांशी बोलायच्या.

"हाई वांगं जळी गयं तरी कोनले दिखत नही," पुष्पाबाई म्हणाली.

"ज्याले दिखस त्यानी उलथं करानं," इंदिराबाई दुसऱ्या वांग्याला म्हणाली, आणि जळणारं वांगं मात्र तिनंच उलटं केलं.

वाटणी व्हावी म्हणून सगळ्यात आधी हट्ट धरला तो इंदिराबाईनं. सासरी आल्यापासून तिला स्वतःची चूल हवी होती आणि आज ती मिळणार होती. पण नवरा सुतळीजवळ उभा राहून गोठ्याची जागा पावलांनी मोजत होता आणि ती जागा तिच्या चुलीपासून सहा पावलांवर येत होती. सहा पावलांवर गुरं, त्यांचं शेण, पावसाळाभर माशा. ज्याला वेगळी चूल मागितली त्यानं चुलीपाशी गोठा दिला. तिला विचारलं कुणी नव्हतं.

तिनं मान वर केली तर पुष्पाबाई तिच्याकडेच बघत होती. पुष्पाबाईच्या नवऱ्याचं कोठार परसाच्या मागच्या दिंडीसमोर येणार होतं. त्या दिंडीतून ती रोज दुपारी नूर महंमदच्या बायकोकडे, जुबेदाकडे जायची, मिरच्या द्यायची, ओवा आणायची, आणि घरातल्या सगळ्यांबद्दल जे घरात बोलता यायचं नाही ते बोलून यायची. बायको त्या दिंडीतून रोज कुठे जाते याचा आबांना पत्ताच नव्हता.

"कोठार बांधनार शेतस म्हने," इंदिराबाई म्हणाली. या खेपेला ती वांग्याशी बोलली नाही.

"गोठा बी बांधनार शेतस म्हने," पुष्पाबाई म्हणाली.

दोघीही मग वांग्यांची सालं काढू लागल्या.

* * *

अक्का दारातच बसून होती. कागद तयार होत आला होता आणि मामा पितांबरकडून तो वाचून घेत होते.

"तांब्याचा मोठा हंडा, अभिमनकडे. पितळी समया दोन, एकेक. मंजुळाबाई, चैत्र ते भाद्रपद अभिमनकडे, आश्विन ते फाल्गुन पंडितकडे. लोखंडी पहार एक, पंडितकडे."

वाचताना पितांबरचा आवाज जरा अडखळला, पण त्यानं वाचलं. हंडा आणि पहार यांच्यामध्ये आपलं नाव ऐकून अक्काला राग आला नाही. तिला भीती वाटली. उपाशी राहण्याची नव्हे. दोघे भाऊ तिला पोटभर घालतील हे तिला ठाऊक होतं. सहा महिने या पडवीत, सहा महिने त्या पडवीत, हातात काही काम नाही, आयतं ताट पुढे येतंय आणि आपण ते खातोय, हे तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आजवर या घरात तिला कुणी पोसलं नव्हतं. ती त्यांना भाजी घालत होती. परसावर गोठा आणि कोठार चढलं की ती फक्त एक जेवणारं तोंड राहणार होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते तिला सोसणार नव्हतं.

या घरात अशी रीत होती की कागदावर अंगठे उठायच्या आधी बहिणीला विचारायचं. बहीण काही मागत नाही म्हणते, मग तिला लुगडं देतात, आणि सगळ्यांना हलकं वाटतं. मामांनी तंबाखू थुंकली आणि विचारलं.

"मंजुळा, तुले काय पाहिजे ते सांग माय. लुगडं ते देतीलच."

"लुगडं नको मामा."

"मंग?"

"मले मोरीनं पानी पाहिजे."

मग नाना मोठ्यानं हसले आणि त्यांच्या पाठोपाठ आबाही. अक्का लिंबाखालची जागा मागेल, नाहीतर विहिरीच्या पाण्याची पाळी मागेल, अशी नानांना धास्ती होती. तसं काही नाही म्हटल्यावर त्यांना बहिणीबद्दल फार प्रेम वाटलं.

"घे ना अक्का! न्हानीनं बठ्ठं पानी तुनं! लिख रे पितांबर."

आबांना हे रुचलं नाही. धाकटा उदार आणि आपण मागे, हे थोरल्याला चालण्यासारखं नव्हतं.

"मना भांडास्नी मोरीनं बी लिख. एक थेंब कोनी अडावानं नही. अक्का जित्ती शे तवलगून."

"कोनी वळावानं बी नही," नानांनी भर घातली.

"झाकानं बी नही," आबा म्हणाले.

दिवसभरात भावांचं हे पहिलं एकमत, आणि तेही मोरीवर. नूर महंमदनी मान डोलावली. पाटाचं शेवटचं पाणी त्यांच्या भिंतीखालून त्यांच्या पेरूला लागायचं. पण साक्षीदाराला तसं कुणी विचारत नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"आखो एक," अक्का म्हणाली. "पानी एकलं जात नही भाऊ. त्याना मांगे मले चालनं पडस, कुदळी लिसन."

"मंग चाल ना!" नाना म्हणाले. "तुले कोन अडावस?"

"ते बी लिख मंग."

पितांबरनं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्या सुतळीचे खुंट त्यानं स्वतः ठोकले होते. न्हाणीपासून केळींपर्यंत तो पाट सुतळीला तीन ठिकाणी ओलांडत होता. त्यानं आत्याकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती. त्यानं मामांकडे पाहिलं. मामा छताचे वासे मोजत होते. मग तो खाली वाकला आणि कॉलेजात शिकलेलं सगळं एका वाक्यात उतरवू लागला.

"न्हाणीपासून निघून, वांग्यांच्या वाफ्यांतून, भांड्यांच्या मोरीस मिळून, लिंबास वळसा घालून केळीपावेतो जो पाट आज रोजी वाहतो तो तसाच वाहील. तो कोणी अडवू, वळवू अगर झाकू नये. पाण्यामागे चालण्यास मंजुळाबाईस पाटाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन हात वाट मंजुळाबाईच्या हयातीपावेतो मोकळी राहील."

"मोठ्यानं वाच," मामा म्हणाले.

त्यानं मोठ्यानं वाचलं. आतून भरताचा, तळलेल्या मिरच्यांचा आणि कांद्याच्या पातीचा वास येत होता. भावांनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं.

"बराबर शे," आबा म्हणाले आणि अंगठा शाईत बुडवला.

* * *

जेवण झाल्यावर माणसं जरा लवंडली. नाना मात्र लवंडले नाहीत. वाटणीत मिळालेली पहार त्यांना वापरून बघायची होती. ते परसात गेले, सुतळीच्या रेघेवर पायाची जागा धरली, आणि पहार उगारून थांबले. त्यांचा एक पाय पाटाच्या या काठावर होता आणि दुसरा त्या काठावर.

ते दहा पावलं पुढे सरकले. तिथं लिंबाचा वळसा होता. आणखी पुढे गेले. तिथं पाट पुन्हा आडवा आला.

"दादा!" त्यांनी हाक मारली. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी आबांना हाक मारली होती.

आबा उपरणं सावरत आले, त्यांनी पाहिलं, त्यांनी पावलांनी मोजलं. दोन हात इकडे, दोन हात तिकडे. भिंत राहिली बाजूला, त्या वळणांमध्ये धड एक कोठार बसत नव्हतं की गोठा. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून परत ओसरीवर आले, आणि ते एका बाजूनं बोलताहेत हे ऐकून आतल्या बायका दाराशी आल्या.

"मामा, हाई बराबर नही! भिंत कोठे घालूत?"

"ते कागदले पुसा," मामा म्हणाले.

"भिंतना खाले नळी टाकसुत," नाना म्हणाले. "पानी नळीमधून जाई."

"पानी जाई," मामांनी मान्य केलं. "मंजुळा कशी जाई?"

नूर महंमदना एकाएकी खोकला आला आणि ते उठून बाहेर गेले. आबा बहिणीसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. लबाडी झाली असं त्यांना म्हणायचं होतं, पण थोरल्या बहिणीला तसं म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरंच विचारलं.

"अक्का, तुना भाऊस्वर इस्वास नव्हता का?"

"व्हता ना रे," अक्का म्हणाली. "म्हनीसन ते मोरीनं पानी मांगं. नही ते इहीर मांगती."

संध्याकाळच्या मोटारीनं मामा पारोळ्याला गेले. जाताना त्यांनी बहिणीच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. पितांबर मात्र आत्याजवळ घुटमळला.

"फुई, ते दोन-दोन हात मी आपल्या मनानं घातले. तुमच्या ध्यानात नसेल आलं."

"नही बा, मले काय समजस त्यामधलं," अक्का म्हणाली. "म्हनीसनच ते लेखन तुना हातमा ऱ्हाऊ दिधं."

* * *

नाना मागल्या ओट्यावर विचार करत बसले होते. आबा आपल्या मागल्या ओट्यावर विचार करत बसले होते. तोड नानांना सापडली, आणि ती सांगायला ते सुतळी ओलांडून थोरल्याकडे गेले.

"दादा, कागदवर पानी देवानं लिखेल शे. अंघोळ करानं लिखेल नही. पानी नही ते वाट बी नही."

आबांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. पंडित लहानपणापासून हुशार होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघे भाऊ तांब्या आणि धोतर घेऊन गिरणेवर गेले. माघातली गिरणा गुडघाभर आणि थंडगार. ते दोन वेगवेगळ्या खडकांवर बसले आणि कुडकुडत अंगावर पाणी घेऊ लागले. बाग सुकणार याचा आनंद होता, पण दात वाजत असल्यामुळे तो नीट बोलून दाखवता येत नव्हता.

घरी अक्का कुदळ घेऊन पाटात उभी होती. भाऊ कुठे गेले ते तिनं पाहिलं होतं, आणि का गेले तेही तिच्या ध्यानात आलं होतं. काल सगळ्या घराला ती हसत पुरून उरली, पण आता कोरड्या पाटात तिच्या कुदळीला काही काम नव्हतं. कागदानं पाणी बांधलं होतं. मनं बांधता आली नव्हती. आपल्या पाठचे भाऊ आपली वांगी वाळावीत म्हणून थंडीत नदीवर गेले, हे तिला फार लागलं. डोळे पुसायला तिनं पदर वर केला.

पायाला काहीतरी ओलं लागलं.

भांड्यांच्या मोरीतून पाणी येत होतं, राखेनं करडं झालेलं. पुष्पाबाई रात्रीची पातेली धूत होती. धुतलेली बाजूला ठेवून स्वच्छ घागरीही पुन्हा धूत होती. थोड्या वेळानं न्हाणीकडून शिकेकाईचा वास आला आणि मागोमाग कोमट पाणी. इंदिराबाईनं पोरींना न्हायला बसवलं होतं. नंतर धुणं निघालं, गोधड्यासुद्धा. मग तांदळाचं धुवण आलं, डाळीचं आलं. पाट काठोकाठ भरला आणि अक्काला वांग्यांच्या वाफ्यांची मातीची दारं मोडून पाणी आत घ्यायला धावावं लागलं.

तिला तेव्हा हसू फुटलं. सेहेचाळीस वर्षं तिनं हे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवलं होतं. त्यात भावांच्या दोन बादल्या असल्या काय आणि नसल्या काय. चौदा माणसांचं खरकटं, चौदा माणसांचं धुणं, पोरांची अंघोळ, चुलीची राख. हे पाणी सारं बायकांच्या हातचं होतं. काल पुरुषांनी ते उदार होऊन तिला बहाल केलं आणि ज्यांचं होतं त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

"इंदिरा," भांड्यांच्या मोरीकडून हाक आली. पुष्पाबाईनं धाकट्या जावेला नाव घेऊन हाक मारल्याला महिना उलटून गेला होता. "आखो एक हंडा वत व. केळीलोंग पोचनं पाहिजे."

"वतस बाई," न्हाणीतून इंदिराबाई म्हणाली. "आनि ते गंगाफळ खाले उतारा. धोईसन चिरसुत. त्यानं बी पानी व्हई."

गंगाफळ उतरलं. ते धुतलं, चिरलं, आणि निम्मं या चुलीवर, निम्मं त्या चुलीवर चढलं. बिया अक्कानं मागून घेतल्या.

ऊन चढल्यावर भाऊ आले. ओठ निळे पडलेले, खांद्यावर ओली धोतरं. दिंडीतून आत शिरताना त्यांनी पाट पाहिला आणि ते जागीच थबकले. पाणी केळीपर्यंत पोहोचून नूर महंमदच्या भिंतीखाली शिरत होतं. दोघांच्याही चुलीवरून एकाच गंगाफळाचा वास येत होता. आबांनी खांद्यावरचं धोतर काढलं आणि पिळायला जागा शोधू लागले.

अक्कानं कुदळ खाली ठेवली.

"पाटमा पिळजो रे भाऊ," ती म्हणाली. "कागदवर लिखेल शे."